माझा थकवा माणूस बघून येतो

गेल्या काही वर्षांपासून मला रुग्णांचा राग येऊ लागला आहे. थेट समोर ट्रॉलीवर पडलेल्या माणसाचा राग. दारू पिऊन दुचाकीवरून पडलेल्याचा. घरात भांडण झालं म्हणून फवारणीचं औषध प्यायलेल्याचा. चार दिवसांचा ताप अंगावर काढून रात्री दोन वाजता केसपेपर काढणाऱ्याचा, आणि त्याच्यासोबत येऊन एकाच वेळी बोलणाऱ्या सगळ्या नातेवाइकांचा. मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात काम करतो. आम्ही सगळे त्याला कॅज्युअल्टीच म्हणतो. इथे आलो तेव्हा असा राग माझ्या स्वभावात नव्हता. तो कधी मुरला, हे मला नेमकं सांगता येणार नाही.

अडचण अशी की ही माणसं अवेळी का येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. दिवसा ओपीडीत यायचं तर रोजी बुडते. गावातून निघणारी शेवटची एसटी संध्याकाळीच गेलेली असते, मग कुणाची तरी पिकअप मिळेपर्यंत मध्यरात्र होते. आधी खाजगी दवाखान्यात पैसे संपतात आणि त्यानंतर हातात आमच्याकडची चिठ्ठी पडते. एवढं सगळं माहीत असूनही मी चिडतो. न कळून चिडलो असतो तर निदान ती एक सबब झाली असती.

असा राग येणारा मी एकटा नाही, हे वाचनात आलं तेव्हा हायसं वाटलं होतं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली बर्नआउटवर लेख लिहिला, तो स्वतःकडे आणि सोबतच्या कार्यकर्त्यांकडे बघून. खिशात पैसे नसलेल्यांची सेवा करायला मनापासून आलेली माणसंच काही काळाने चिडकी आणि कडवट होतात, हे त्यांनी टिपलं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ही अवस्था मोजायची प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची व्याख्या दिली: कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ आटोक्यात न आलेला ताण. लक्षणं तीन. अंगातली ताकद संपणं. कामापासून मन तुटणं आणि त्याच्याबद्दल तुच्छता वाटू लागणं. आपल्या हातून काही साधत नाही, असं वाटणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही. कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे.

तिन्ही लक्षणं मला स्वतःत सापडली. पहिलं घरच्यांनाही दिसतं. नाइट करून आल्यावर अंथरुणावर नुसता पडून राहतो, आणि रविवारी पाहुण्यांशी बोलता बोलता डोळा लागतो. दुसरं माझ्या बोलण्यात आहे. चार नंबरवर कोण आहे, असं विचारलं तर मी 'पॉयझनिंग' म्हणतो, 'एमएलसी' म्हणजे पोलीस केस म्हणतो. त्या माणसाचं नाव केसपेपरवर वाचलेलं असतं, पण ते तोंडात येत नाही.

तिसरं लक्षण सगळ्यात खोल गेलेलं आहे. कीटकनाशकाच्या विषबाधेत अॅट्रोपिन द्यायचं, काही मिनिटांनी पुन्हा छाती ऐकायची, आतला स्राव सुकला नसेल तर डोस दुप्पट करायचा, परत ऐकायचं. एकेका रुग्णापाशी एकेक इंटर्न रात्रभर हेच करत बसतो. बऱ्याचदा रुग्ण वाचतो. पुढच्या हंगामात त्याच गावातून दुसरा येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गाजावाजा झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. आजही अनेक शिवारांत तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी चालते. त्यातला एखादा पहाटे आमच्या दारात येतो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार 'परत तेच' असा येतो. त्याच्या आयुष्यात मात्र ते पहिल्यांदाच घडत असतं.

कामाची रीतही अशी आहे की मनाला कुठे थांबायला जागा नाही. आपल्याकडे मयताला जाऊन आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. अंगावरून पाणी घेतो, कुठे कडुनिंबाचा पाला चावतो, मग उंबरा ओलांडतो. कॅज्युअल्टीत एका बेडवरचा मृत्यू जाहीर करून शेजारच्या मुरगळलेल्या मनगटाकडे जायला चार पावलं लागतात. हातमोजे बदलतात, अॅप्रन तोच असतो. मधल्या वेळात पोलिसांना कळवायचं, एमएलसीच्या रजिस्टरमध्ये जखमांची लांबी-रुंदी लिहायची, मृताच्या आईला सांगायचं आणि ती मटकन खाली बसली तर स्ट्रेचर मागवायचं. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावते आहे. तिच्यामुळे पूर्वी रस्त्यातच संपले असते असे काही जीव आमच्यापर्यंत पोहोचतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण दार रुंद झालं तेवढे आत उभे असणारे हात वाढले नाहीत.

इथवरचं सगळं खरं आहे, आणि इथे थांबलो तर वाचणाऱ्याला माझी कीव येईल. मला स्वतःलाही ती येत होती. पण मी नेमका कुणावर चिडतो, हे पाहू लागलो तेव्हा त्या कीवेला तडा गेला.

नगरसेवकाचा फोन आलेला असतो त्या रुग्णाशी मी पहाटे चार वाजताही सौम्यपणे बोलतो. कॉलेजातल्या प्राध्यापकांचे सासरे असतील तर खुर्ची पुढे ओढून बसतो. इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्याच्या वडिलांचा ईसीजी दाखवून समजावतो. आणि त्याच पहाटे, तितकाच जागलेला असताना, बायकोला नेमकं काय होतंय हे सांगता न येणाऱ्या, पायात चप्पल नसलेल्या माणसावर खेकसतो. शिक्षिकेला मी 'मॅडम' म्हणतो. पारधी बेड्यावरून आलेल्या, तिच्याच वयाच्या बाईला 'तू' म्हणतो, 'कळत नाही का तुला' म्हणतो. झोप दोघींच्या वेळी सारखीच कमी झालेली असते.

हे निव्वळ थकव्याचं काम असतं, तर ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं असतं. ज्याच्याकडून मला काही धोका नाही, तिथेच माझा तोल सुटतो. याचा अर्थ तोल सांभाळण्याची ताकद माझ्यात शिल्लक असते. ती कुणावर खर्च करायची, हे मी ठरवतो, आणि ठरवताना रुग्णाचे कपडे आणि भाषा बघतो.

विभागातही तेच चालतं. अधिष्ठात्यांसमोर किंवा अधीक्षकांसमोर माझा आवाज कधी चढलेला नाही. सिस्टरवर क्वचित चढतो. वॉर्डातल्या मदतनीस मामा आणि मावशींवर नेहमीचाच. सगळ्यात जास्त चढतो तो इंटर्नवर, कारण त्याच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर माझी सही लागते.

ही कबुली लिहिताना एक भीती वाटते. कुणी ती उचलून म्हणेल, पाहा, खोट डॉक्टरांच्या स्वभावात आहे, एक संवादकौशल्याचं शिबिर घेऊन टाका. म्हणून व्यवस्थेच्या वाट्याचं तिच्या पदरात स्पष्ट टाकतो. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम सहसा करू नये, असं केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेने १९९२ मध्येच म्हटलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या अहवालात आठवड्याला कमाल ७४ तास, सलग २४ तासांहून जास्त नाही आणि रोज सात-आठ तास झोप, अशी शिफारस केली. म्हणजे तीन दशकांनंतर आपण कागदावरची मर्यादासुद्धा सव्वीस तासांनी सैल केली, आणि तीही पाळली गेली तर सुधारणा म्हणायची, अशी आपली स्थिती आहे. त्याच कृतिदलाच्या पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. ही मुलं अजून डॉक्टरही झालेली नाहीत.

त्यात मार खाण्याची भीती. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, असा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ३६ तासांच्या ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर मुलीवर रुग्णालयातच बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. त्यानंतर आमच्याकडच्या मुली विश्रांतीच्या खोलीला आतून कडी आहे का, हे आधी बघू लागल्या. त्या आधीच का बघत नव्हत्या, यापेक्षा ती कडी आहे की नाही हे आम्ही वरिष्ठांनी कधी का पाहिलं नाही, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

वरचा अपमान खाली कसा उतरतो, हे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधं आणि माणसं कमी का होती, हे विचारण्याची ती वेळ होती. एका खासदाराने भेट दिली, प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. ते चित्रण आम्ही मोबाइलवर पाहिलं, संतापलो, निवेदनं दिली. आज मागे वळून बघताना मला त्या दृश्यात माझं वागणंही दिसतं. ज्याला उलट बोलता येणार नाही, त्याला चारचौघांत खाली बघायला लावणं हे मी इंटर्नच्या बाबतीत करतो, इंटर्न मामांच्या बाबतीत करतो, आणि आम्ही सगळे मिळून रुग्णाच्या बाबतीत करतो. रुग्णाच्या खाली कुणी नसतं. मग एखाद्या रात्री त्याचे नातेवाईक जवळ उभ्या असलेल्या सर्वांत तरुण डॉक्टरची कॉलर धरतात. त्यांना मी निर्दोष ठरवत नाही. पण ही साखळी माझ्या हातूनही जाते.

माझ्या पिढीने ही साखळी अभिमानाने जपली. 'आमच्या वेळी तीन-तीन दिवस घर बघायचो नाही,' हे वाक्य मी किती सहज बोललो आहे. त्या तीन दिवसांत काय शिकलो, हे मी सांगतो. तिसऱ्या रात्री कोणत्या रुग्णाकडे नीट बघितलं नसेल, हे सांगत नाही, कारण ते मला माहीतच नाही. न झोपलेल्या डॉक्टरच्या चुका त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत. तरी ते जागरण मी शौर्य म्हणून मिरवलं आणि पुढच्यांकडून त्याची वसुली केली. चुकलेल्याला जादा ड्यूटी लावायची पद्धत मी सुरू केली नाही, पण बंदही केली नाही.

चांगल्या माणसांची उदाहरणंसुद्धा आम्ही चाबकासारखी वापरतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि त्या दंशाने होणारे मृत्यू कितीतरी कमी केले. मी मुलांना ही गोष्ट सांगतो. पण नीट तपासलं तर बहुतेक वेळा कुणी सुटी मागितल्यावर सांगतो. बावस्करांच्या कामाचं मर्म, रुग्णापाशी बसून त्याच्याकडे लक्ष देणं, हे माझ्याच ड्यूटीच्या तक्त्यात बसत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. मूल गेल्यावर एखादी इंटर्न औषधांच्या खोलीत जाऊन रडली, तर तिला 'पाणी पी, पुढचा पेशंट बघ' म्हणणं हाच आमचा धीर देण्याचा प्रकार. त्यातून ती शिकते ते एवढंच, की रडायचं तर कुणाला दिसू द्यायचं नाही.

मग तीही आमच्यासारखी होते. डॉक्टर आपल्या मनाच्या दुखण्यावर उपचार घेत नाहीत, ते लपवतात. आमच्याच इमारतीत मनोविकार विभाग आहे, पण तिथे केसपेपर काढायचा तर खिडकीतला लिपिक ओळखीचा, रांगेतले रुग्ण ओळखीचे, तपासणारा निवासी डॉक्टर आपलाच विद्यार्थी. म्हणून कुणी नमुन्याच्या औषधांतली झोपेची गोळी घेतो, कुणी दुसऱ्या शहरात जाऊन रोखीने फी भरतो, कुणी संध्याकाळी बाटली उघडतो. बहुतेक जण काहीच करत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, आत्महत्या केली. उपचार घेतल्याचं कळलं तर आपलं करिअर संपेल, ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत झाला, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी मंजूर झाला. ती भीती मला परकी वाटली नाही. आपल्याकडे तिच्यात लग्नाच्या बाजारातल्या बोलण्याची आणखी भर पडते.

आमच्याकडे अधूनमधून तणावमुक्तीचं व्याख्यान होतं. ते हमखास नाइट करून सुटलेल्यांच्या झोपेच्या वेळेत ठेवतात आणि हजेरी घेतात. दीर्घ श्वासाला माझा विरोध नाही. पण श्वास घ्यायला वेळ कुणी द्यायचा, हा मुद्दा वक्ते सोडून देतात. त्यापेक्षा अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने रुजवलेली एक रीत मला कामाची वाटते. रुग्ण गेला की प्रयत्न करणारे सगळे मिनिटभर बेडभोवती शांत उभे राहतात. गेलेला माणूस कुणाचा तरी होता आणि आपण सर्वांनी त्याच्यासाठी झटून पाहिलं, एवढं त्या मिनिटात मान्य करायचं. त्याला मंजुरी लागत नाही, निविदा लागत नाही. आमच्या विभागात हे सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा मावशींनीच डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही बाकीचे कसंनुसं उभे राहिलो. आता गर्दी असली की ते राहून जातं, पण कुणीतरी आठवण करून देतं.

दुसरं एक बंधन मी स्वतःवर घातलं आहे: दारात येईल त्या प्रत्येक प्रौढ माणसाला 'तुम्ही' म्हणायचं आणि नाव घेऊन बोलायचं. हे दिसायला क्षुल्लक आहे, पण पाळायला कठीण जातं. याने माझा थकवा जात नाही. तो कुणावर उतरतोय, ते मात्र मला तिथल्या तिथे कळतं, आणि निदान निम्म्या वेळा जीभ आवरते. उरलेल्या वेळी आवरत नाही, हेही खरं आहे.

स्वतःचा निवाडा करायचा तर तो असा: दमलो, यात माझा दोष नाही. रिकामी पदं, सलग तास, तुटपुंजी सुरक्षा यांचा जाब सरकारला आणि संस्थेलाच विचारायला हवा, आणि तो मी चढ्या आवाजात विचारला नाही, हा माझा पहिला दोष. दमल्यावर जो गरीब आहे, जो हाताखाली आहे, त्यालाच मी ते दमणं भोगायला लावलं, हा दुसरा. बर्नआउटचं निदान या दुसऱ्या दोषाला पांघरूण म्हणून वापरायचा हक्क मला नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना माझं एवढंच सांगणं आहे की आमच्यापैकी कुणी तुमचा अपमान केला तर लेखी तक्रार करा, वरपर्यंत करा, पण समोरच्या पोरसवदा डॉक्टरवर हात उचलू नका. त्याची ड्यूटी त्याने लावलेली नसते. तरुण सहकाऱ्यांना सांगतो: जगणं नकोसं वाटू लागलं किंवा झोप-जेवण उडालं तर एकट्याने सोसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो डॉक्टरांसाठीही आहे.

आणि माझ्यासारख्या विभागप्रमुखांना, युनिटप्रमुखांना एक विनंती. पदं भरणं आपल्या हातात नाही, कायदा राबवणं आपल्या हातात नाही, पण ड्यूटीचा तक्ता आपल्या सहीने निघतो. या महिन्याच्या तक्त्यावर सही करण्याआधी प्रत्येक नावापुढचे सलग तास मोजा. ते चोवीसच्या वर जात असतील तर सही करू नका, आणि का केली नाही, हे अधिष्ठात्यांना लेखी कळवा.